बेटावरचे गोडे पाणी

प्रशासकीय सेवेत ज्यांनी तीस-पस्तीस वर्षे काढली, त्यांच्या मनात एखादी तरी नस्ती अशी असते की तिच्यावरची आपली सही पुसून टाकता आली तर बरे, असे त्यांना निवृत्तीनंतरही वाटत राहते. माझ्या मनातही अशी एक नस्ती आहे. ती भ्रष्टाचाराची नाही, दडपणाखाली केलेल्या सहीचीही नाही. ती पूर्णपणे नियमानुसार केलेल्या सहीची आहे, आणि म्हणूनच ती मला अधिक छळते.

गोष्ट १९९० च्या दशकातली. मी ज्या राज्याच्या संवर्गात होतो, तेथील किनारपट्टीवरच्या एका उपविभागाचा कार्यभार माझ्याकडे होता. खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये अडकलेली एक चिंचोळी वाळूची पट्टी तेथे होती. तीन बाजूंनी खारे पाणी असल्यामुळे लोक तिला बेटच म्हणत. माडांची बाग, शे-दीडशे घरे आणि गोड्या पाण्याच्या चार विहिरी. तेथे चाळीस खोल्यांचे एक विश्रामस्थळ उभारण्याचा प्रस्ताव आला. किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना १९९१ साली निघालेली होती, तिच्यातील २०० मीटरची रेषा आम्ही काटेकोरपणे मोजून घेतली. बिगरशेती परवानगी, वीजभार, अग्निशमन, वाहनतळ, किती जणांना रोजगार मिळणार, किती महसूल येणार, सर्व रकाने भरलेले होते. मी अनुकूल शेरा मारला आणि नस्ती वर पाठवली. गावाच्या चार विहिरींचे काय होईल, असा रकाना त्या प्रपत्रात नव्हता. जो रकाना नव्हता तो मीही भरला नाही.

सात-आठ वर्षांनी रजेवर असताना मी सपत्नीक तेथे गेलो. विश्रामस्थळ छान चालले होते. गावात ओळखीच्या एका घरी गेलो, तर घरातल्या बाई म्हणाल्या, ‘‘साहेब, चहाच घ्या. नुसते पाणी पुढे करावे असे ते आता राहिलेले नाही.’’ टँकर दिवसाआड येत होता. विश्रामस्थळाने नियमानुसार कूपनलिका खोदली होती, पंप नियमानुसार चालत होता, आणि निरीक्षकांनी वेळोवेळी नियमानुसार तपासणीही केली होती. कोणीही कायदा मोडलेला नव्हता, आणि गावाच्या विहिरी मात्र खाऱ्या झाल्या होत्या. त्या दिवसापासून ‘पर्यटनातून विकास’ हे शब्द वाचले की मला तो चहाचा कप आठवतो.

आज त्या विषयावर लिहिण्याचे कारण असे की, पर्यटनाच्या व्यवहारात आता एक नवा शब्द आला आहे. पूर्वी ‘शाश्वत पर्यटन’ म्हणत, म्हणजे पाहुण्याने यावे, पण जागेची हानी करू नये. आता त्याच्या पुढे जाऊन ‘रीजनरेटिव्ह’ पर्यटन म्हणतात, म्हणजे पाहुणा येऊन गेल्यावर ती जागा आधीपेक्षा सुदृढ झालेली असावी. मराठीत कोणी याला ‘पुनरुज्जीवी’ म्हणतात, कोणी ‘पुनर्निर्माणक्षम’. माझे मत विचाराल तर आपल्याकडे यासाठी एक साधा, मातीतला शब्द पूर्वीपासून आहे, तो म्हणजे ‘पुनर्भरण’. विहिरीचे पुनर्भरण आपण करतो. जेवढे उपसले त्याहून थोडे अधिक जमिनीत मुरवायचे, इतका सोपा त्याचा अर्थ आहे. पर्यटनाला हीच कसोटी लावायची, आणि ती लावण्याचा अधिकार त्या जागेच्या रहिवाशांकडे ठेवायचा. या दोनच गोष्टी. पहिली विज्ञानाची आहे, दुसरी प्रशासनाची. आपले घोडे नेहमी दुसरीपाशी अडते.

याचे उदाहरण म्हणून मी लक्षद्वीप घेतो. एक तर हे द्वीपसमूह छोटे आहेत, त्यामुळे कार्यकारणसंबंध तेथे स्पष्ट दिसतात. दुसरे म्हणजे तेथे थेट केंद्राचे प्रशासन असल्यामुळे चांगल्या-वाईटाची जबाबदारी कोणा दुसऱ्यावर ढकलता येत नाही.

प्रथम काही आकडे. लक्षद्वीपचे एकूण भूक्षेत्र सुमारे ३२ चौरस किलोमीटर आहे. छत्तीस बेटांपैकी दहांवर वस्ती आहे. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६४,४७३, म्हणजे दर चौरस किलोमीटरला दोन हजारांहून अधिक माणसे. परंतु या इवल्याशा जमिनीला लागून प्रवाळभिंतींनी वेढलेले उथळ, शांत पाणी, ज्याला लगून म्हणतात, ते मात्र सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर आहे. बेटावरचा माणूस राहतो जमिनीवर, पण जगतो लगूनवर. हे प्रमाण ध्यानात घेतले नाही तर लक्षद्वीपबद्दलचा कोणताही प्रस्ताव चुकतो.

मी तेथे गेलो तो पाहुणा म्हणून, रीतसर प्रवेशपत्र काढून, जहाजाने. मिनिकॉय बेटावर मला एक वृद्ध गृहस्थ भेटले. मिनिकॉयची भाषा महल, ती मालदीवच्या दिवेहीची बहीण. मला तिचा एक शब्द कळत नव्हता. पण या बेटावरचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर खलाशी म्हणून जगभर फिरलेले. या गृहस्थांची उमेदीची वर्षे मुंबईच्या गोदीत ये-जा करण्यात गेली होती. मी मराठी आहे असे कळताच त्यांनी मुंबईच्या हिंदीत, मधूनमधून ‘कशाला’ आणि ‘चला’ पेरत, माझी शाळा घेतली.

त्यांनी सांगितलेली पहिली गोष्ट मासेमारीची होती. मिनिकॉयचे लोक ट्यूना, म्हणजे आपल्याकडचा कुपा, काठीला लावलेल्या गळाने एकेक करून पकडतात. त्यासाठी आधी लगूनमध्ये बारीक जिवंत मासळी जाळ्याने धरायची, ती होडीच्याच पोटात समुद्राचे पाणी खेळते ठेवून जिवंत राखायची, मग खोल समुद्रात कुप्याचा थवा दिसला की ती मूठमूठ फेकायची आणि वर पाण्याचे शिंतोडे उडवायचे. कुपा त्या उकळत्या पाण्याला भुलतो आणि गळाला लागतो. या पद्धतीत नको ती मासळी फारच कमी मरते. उकडून, धुरावून, उन्हात वाळवलेला कुपा म्हणजे तेथील ‘मास’, वर्षभराची बेगमी आणि व्यापाराचा माल. ‘‘आता सांगा,’’ गृहस्थ म्हणाले, ‘‘हे सगळे कशावर उभे आहे? कुप्यावर नाही. त्या बोटभर मासळीवर आहे. आणि बोटभर मासळी प्रवाळात राहते. प्रवाळ गेले की मासळी गेली, मासळी गेली की कुपा समोर असून आमच्या हाताला लागणार नाही.’’

अर्थशास्त्राच्या पुस्तकात ज्याला मूल्यसाखळी म्हणतात ती मी इतक्या थोड्या शब्दांत कधी ऐकली नव्हती. आता यात पर्यटन आणून पाहा. धक्क्यासाठी लगून खोदले, गाळ उडाला, प्रवाळावर बसला. सांडपाणी लगूनमध्ये झिरपले, शेवाळ वाढले. पाण्याच्या खेळांसाठी यांत्रिक होड्या वाढल्या. यातील प्रत्येक गोष्ट वेगळ्या नस्तीवर, वेगळ्या विभागात, वेगळ्या वर्षी मंजूर होते. बोटभर मासळीची नस्ती कोणत्याच विभागात नसते.

दुसरी गोष्ट पाण्याची. प्रवाळबेटावर नदी नसते, ओढा नसतो. पावसाचे पाणी सच्छिद्र वाळूतून खाली मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकाराचा एक पातळ थर होऊन तरंगत राहते, कारण गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असते. बेटाची प्रत्येक विहीर या एकाच भिंगातून पाणी घेते. माझी विहीर, तुझी विहीर असा भेद तेथे केवळ काठापुरता असतो. हाताने शेंदलेले पाणी ते भिंग सोसते. पंपाने वेगात उपसले की खालचे खारे पाणी वर चढते, आणि एकदा मिसळलेले वेगळे व्हायला कित्येक पावसाळे लागतात. शिवाय शौचालयाचा शोषखड्डाही त्याच वाळूत असतो. म्हणजे एक पाहुणा दोनदा पाणी वापरतो, एकदा उपसून आणि एकदा घाण करून.

यावर शास्त्रज्ञांनी उत्तर काढले, ते मी कमी लेखणार नाही. राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ साली कवरत्तीला समुद्राच्या पाण्यापासून गोडे पाणी करणारा, रोज एक लाख लिटर क्षमतेचा प्रकल्प उभारला. समुद्राच्या वरच्या थरातले कोमट पाणी कमी दाबाखाली वाफ करायचे आणि खोल समुद्रातून ओढलेल्या थंड पाण्याने ती वाफ थंड करायची, असे त्याचे तत्त्व. पुढे २०११ साली मिनिकॉय आणि अगत्तीला असेच प्रकल्प झाले, जानेवारी २०२४ मध्ये कदमतच्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. बेटवासीयांच्या आरोग्यासाठी हे मोठे काम झाले आहे. परंतु कोणत्याही प्रशासकाला हेही दिसले पाहिजे की, पाणी ओढायला वीज लागते, आणि बेटांवरची बहुतांश वीज दीर्घकाळ मुख्य भूमीवरून जहाजाने आणलेल्या डिझेलवर होत आली आहे. जे पाणी लोकांच्या पिण्यासाठी एवढ्या कष्टाने निर्माण केले, ते स्नानकुंडांसाठी उपलब्ध आहे असे गृहीत धरून पर्यटनाची आखणी करणे हा माझ्या त्या जुन्या नस्तीचाच नवा अवतार होईल.

शासनाने तेथे सर्व चुकीचेच केले असे मात्र कोणी समजू नये. लक्षद्वीपमध्ये प्रवेशासाठी परवाना लागतो. त्याचे नियम १९६७ चे आहेत. बाहेरच्या व्यक्तीला जमीन विकत घेता येत नाही. १९८२ साली ‘स्पोर्ट्स’ या नावाने ओळखली जाणारी शासकीय संस्था निसर्गपर्यटनासाठी स्थापन झाली, आणि तिने जी समुद्रसफर आखली तिच्यात पाहुणे दिवसा बेटावर आणि रात्री जहाजावर मुक्कामाला असत. मला आधी ही गैरसोय वाटली होती. नंतर उमगले की हा कोणा अनामिक अधिकाऱ्याचा मोठा शहाणपणा होता. पाहुण्याची आंघोळ आणि शौचकूप दोन्ही त्याने बेटाच्या भिंगाबाहेर ठेवली होती. असे अधिकारी सेवेत असतात. त्यांची नावे कोठे लागत नाहीत. पुढे सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती रवींद्रन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या शिफारशी न्यायालयाने स्वीकारल्या, आणि प्रत्येक बेटासाठी एकात्मिक व्यवस्थापन आराखडा करण्याची दिशा ठरली. २०२० साली प्रशासनाने समुद्रकाकडीसाठी स्वतंत्र राखीव क्षेत्रही घोषित केले. म्हणजे साधने आहेत, नियम आहेत, ज्ञानही आहे.

मग अडते कोठे? अडते ते निर्णय कोण घेणार या प्रश्नापाशी. लक्षद्वीपला विधानसभा नाही. लोकसंख्येचा बहुतांश भाग अनुसूचित जमातींचा असला तरी हा प्रदेश पाचव्या अनुसूचीत नाही, त्यामुळे १९९६ च्या पेसा कायद्याचे ग्रामसभेला दिलेले अधिकार येथे लागू होत नाहीत. प्रशासक नियमावलीचा मसुदा करतात आणि घटनेच्या अनुच्छेद २४० अन्वये राष्ट्रपतींच्या नावाने ती निघते. लोकांचा आवाज राहतो तो फक्त संसदेतील एक सदस्य आणि पंचायती यांच्या रूपाने. २०२१ साली विकास प्राधिकरणाच्या नियमावलीचा जो मसुदा प्रसिद्ध झाला, त्यात विकासासाठी कोणतीही जमीन नियोजनाखाली घेण्याचे व्यापक अधिकार होते. बेटांवर मोठा असंतोष उसळला. त्या वर्षी ९३ निवृत्त सनदी अधिकाऱ्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून चिंता व्यक्त केली. त्यानंतर २०१७ च्या अखेरीस निवडून आलेल्या पंचायतींची मुदत संपली, तेव्हा नव्या निवडणुका वेळेवर झाल्या नाहीत. याच काळात, जानेवारी २०२४ मधील पंतप्रधानांच्या भेटीनंतर, देशभरात लक्षद्वीपबद्दल प्रचंड कुतूहल निर्माण झाले, आणि त्याच वर्षीच्या अंतरिम अर्थसंकल्पात बेटांवरील बंदरे आणि पर्यटन सुविधांची घोषणा झाली. पाहुण्यांना बोलावणे जाते आहे आणि घरच्यांना मात्र कोणी विचारलेले नाही, अशी ही स्थिती. आपल्याकडे लग्नघरातही असे कोणी करीत नाही.

लोकांच्या हाती निर्णय दिला तर काय घडते, याचे एक जुने उदाहरण फिलिपाइन्समध्ये आहे. अपो नावाचे पाऊण चौरस किलोमीटरहूनही लहान बेट. तेथील मासेमारी खालावली होती. सिलिमान विद्यापीठाचे शास्त्रज्ञ एंजल अल्काला आणि त्यांचे सहकारी गावकऱ्यांशी अनेक वर्षे बोलत राहिले. शेवटी १९८२ मध्ये गावकऱ्यांनीच किनाऱ्याच्या एका लहान भागात मासेमारी पूर्ण बंद केली. पहारा त्यांचाच, दंडही त्यांचाच. काही वर्षांत राखीव भागातली मासळी शेजारच्या पाण्यात पसरली आणि जाळ्यांना मिळू लागली. मग ते पाणी पाहायला पाणबुडे पाहुणे येऊ लागले. क्रम ध्यानात घ्यावा, आधी पुनर्भरण आणि मग पर्यटन. आपण नेहमी उलट करतो. आधी पाहुणे आणतो आणि मग त्यांच्या पैशातून निसर्ग सावरू असे म्हणतो.

अपोची गोष्ट येथे संपत नाही, आणि प्रशासकांनी तिचा पुढचा भागच अधिक वाचावा. १९९४ मध्ये ते बेट राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र झाले. कारभार गावाच्या हातून निघून एका मंडळाकडे गेला, ज्यात अधिकारी होते आणि गावाचे प्रतिनिधीही होते. पाहुण्यांकडून शुल्क सुरू झाले, त्यातील ७५ टक्के त्याच क्षेत्रासाठी आणि २५ टक्के राष्ट्रीय निधीला, असे प्रमाण ठरले. कागदावर हे उदारच आहे. पण शुल्काचा पैसा वरच्या तिजोरीतून फिरून खाली येणार म्हटल्यावर विलंब आला, आणि ‘आमचा राखीव भाग’ हा ‘सरकारचा राखीव भाग’ होऊ लागल्याची खंत तेथे व्यक्त झाली. पुढे २०११ आणि २०१२ च्या चक्रीवादळांनी तो मूळ राखीव भागच उद्ध्वस्त केला. तेव्हा लोकसहभाग ही जादूची कांडी नाही. लोकांनी चांगले राखलेले सरकार बिघडवू शकते, आणि निसर्ग तर कोणालाच विचारत नाही.

आता तीन आक्षेप, जे मी स्वतः बैठकांमध्ये ऐकले आहेत आणि काही तर मांडलेही आहेत.

पहिला आक्षेप : ‘बेटावरच्या तरुणांना नोकऱ्या हव्या आहेत. तुम्ही जग पाहिले, आणि त्यांना मात्र संग्रहालयात ठेवता.’ हा आक्षेप खरा आहे. साक्षरता उत्तम, शिकलेली मुले पुष्कळ, आणि शासकीय नोकरी सोडली तर फारसे काही नाही. म्हणूनच पर्यटन नको असे मी म्हणत नाही. परंतु भांडवल बाहेरचे, व्यवस्थापक बाहेरचे, भाजीपाला बाहेरचा आणि बेटावरच्या मुलाला खोली झाडण्याचे काम, हा रोजगार त्याच्या शिक्षणाचा अपमान आहे. मालकी, निदान भागीदारी, त्याची असली पाहिजे.

दुसरा आक्षेप : ‘लोक तरी कोठे साधू आहेत? त्यांच्या हाती दिले तर चार दांडगे सगळे बळकावतील.’ हाही खोटा नाही. शेजारच्या मालदीवमध्ये वस्तीच्या बेटांवर स्थानिकांना अतिथिगृहे चालवण्याची मुभा २००९ च्या सुमारास मिळाली. पैसा प्रथमच गावात आला, ही मोठी गोष्ट झाली. पण माफुशीसारखे बेट बघता बघता अतिथिगृहांनी गच्च भरले. तेव्हा नुसती स्थानिक मालकी पुरेशी नाही, तिच्यावर सामूहिक मर्यादा हवी. मिनिकॉयमध्ये अशी परंपरा आहे. तेथे प्रत्येक गावाला पुरुष प्रमुख असतो, तसाच स्त्री प्रमुखही असतो; गावाचे सामायिक घर असते, आणि होड्या ओढण्यापासून साफसफाईपर्यंतची कामे वाटून दिली जातात. आपल्या विकासाच्या आराखड्यात या संस्थेला ‘सांस्कृतिक आकर्षण’ म्हणून जागा मिळते, निर्णयसंस्था म्हणून नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण : ‘समुद्रच तापतो आहे, प्रवाळ असेही मरणार.’ १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये तापलेल्या समुद्राने लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले. तेथे सुमारे पाव शतक सातत्याने निरीक्षण करणाऱ्या संशोधकांच्या नोंदींनुसार, १९९८ ते २०२२ या काळात जिवंत प्रवाळाचे आच्छादन जवळजवळ निम्म्याने घटले. याला बेटावरचा माणूस जबाबदार नाही, आणि त्याने पर्यटन थांबवून समुद्र थंडही होणार नाही. परंतु तापातून उठणाऱ्या रोग्याला पथ्य लागते. दोन तापांच्या मध्ये प्रवाळ सावरतो, आणि तेव्हा त्याच्यावर गाळ, सांडपाणी आणि नांगर टाकायचे की नाही, एवढे आपल्या हाती आहे. जे आपल्या हाती नाही त्याचे कारण सांगून जे हाती आहे ते सोडून देणे, ही कार्यालयीन सवय आहे.

तेव्हा काय करता येईल? लेख लिहून मोकळे होण्याचा दोष माथी येऊ नये म्हणून काही ठोस सूचना मांडतो.

१. प्रत्येक बेटावरच्या ठरावीक विहिरींच्या पाण्याचा खारेपणा दरमहा मोजावा, आणि तो आकडा पंचायतीच्या फळ्यावर लिहावा. मोजमाप बेटावरच्या शाळेतली मुलेसुद्धा करू शकतात. पुढच्या महिन्यात किती प्रवेशपरवाने द्यायचे, हे त्या आकड्याशी बांधावे. परवान्याची व्यवस्था आज सुरक्षिततेसाठी आहेच, तिलाच पाण्याचे मापही जोडावे.

२. पाहुण्याकडून घेतलेल्या शुल्काचा मोठा भाग बेटाच्या स्वतःच्या निधीत थेट जमा व्हावा. वर जाऊन खाली येऊ नये. वर्षाचा हिशेब ग्रामसभेत वाचला जावा.

३. जमीन भाडेपट्ट्यानेच आणि अल्प मुदतीने द्यावी, बेटावरच्या सहकारी संस्थेच्या भागीदारीशिवाय देऊ नये.

४. प्रवाळ पांढरे पडलेल्या वर्षी त्या भागात पाणबुडीचे खेळ बंद ठेवावेत, आणि तो निर्णय घेण्याचा अधिकार मच्छीमार आणि मार्गदर्शक यांच्या समितीला असावा. नुकसानभरपाई निधीतून द्यावी.

५. जहाजाने जे बाटलीबंद येते ते जहाजानेच परत जावे. मालदीवने १९९२ पासून एका लगूनमध्ये कचरा टाकून थिलफुशी नावाचे कचऱ्याचे बेट केले. आपल्याला तो धडा फुकट मिळतो आहे.

६. आणि शेवटची, जिच्याविना वरच्या पाचही सूचना निरर्थक आहेत : ग्रामसभेला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार असावा. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याच्या ‘हो’ला संमती म्हणत नाहीत. त्यासाठी आधी पंचायती निवडून आलेल्या असाव्या लागतात, हे सांगावे लागू नये.

हे सर्व स्वप्नरंजन आहे असे कोणाला वाटेल, म्हणून महाराष्ट्रातला एक दाखला देतो. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे गाव आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून तेथे समुद्री कासवांची अंडी राखण्याचे काम सुरू केले. काही वर्षांनी, २००६ पासून, पिल्ले समुद्रात जाताना पाहायला पाहुणे येऊ लागले. राहायचे गावकऱ्यांच्याच घरी, ओटीवर. जेवायचे त्यांच्याच पंगतीला. पूर्वी ज्या गावात कासवाची अंडी खाल्ली जात, तेथे आता कासव हा घरचा पाहुणा झाला आहे. येथेही क्रम तोच, आधी पुनर्भरण आणि मग पर्यटन. वेळास बेट नाही, आणि तेथेही पाहुण्यांच्या गर्दीचा प्रश्न उभा राहतोच. पण गाव मालक असेल तर गर्दीवर बोलायला कोणीतरी असते.

माझे बहुतेक वाचक महाराष्ट्राबाहेर राहतात. कोणी दिल्लीत, कोणी बंगळुरूत, कोणी परदेशात. आपण जेथे राहतो तेथे आपणही एका अर्थाने पाहुणेच आहोत. यजमानाच्या घरात कसे वागायचे हे आपल्याला वेगळे सांगण्याची गरज नाही. यापुढे एखाद्या लहान बेटावर सुटीला जाल, तेव्हा उतरण्याच्या जागेबद्दल दोनच प्रश्न विचारा : येथले पाणी कोठून येते, आणि ही जागा कोणाची आहे? उत्तर देताना समोरचा माणूस अडखळला, तर दुसरी जागा शोधा. शासनाचे धोरण बदलायला वर्षे लागतात. पाहुण्याचे धोरण एका सुटीत बदलते.

आणि सेवेत असलेल्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना एवढेच सांगायचे आहे. पर्यटनाचा प्रस्ताव समोर येईल तेव्हा प्रपत्रातले रकाने भरा, पण सही करण्याआधी एकदा त्या गावी जा आणि कोणाच्या तरी घरी पाणी मागा. ते प्या. दहा वर्षांनी पुन्हा जाऊन तेच पाणी मागण्याचे धैर्य आपल्यात असेल, तरच अनुकूल शेरा मारा. मी हे केले नाही. ती नस्ती आता अभिलेखागारात असेल, तिच्यावर माझी सही तशीच आहे.